तीन रविवारांच्या आधी

आमच्यात लग्न ठरलं की बहुतेक चर्चमध्ये त्याची सूचना वाचतात. एकदा नाही, तीन रविवार. अमक्या गावचा अमुक आणि तमक्या गावची तमुक यांचं लग्न व्हायचंय, कुणाची हरकत असेल तर सांगा. पाळकसाहेब चष्मा सावरत कागद वाचतात आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. हरकत सहसा कुणी घेत नाही. (सिनेमातल्यासारखं धापा टाकत दारातून तर आजवर कुणीच आलेलं नाही. निदान मी असताना तरी!) पण मला गंमत वाटते ती वेगळीच. अख्ख्या मंडळीला तीन-तीनदा विचारलं जातं, ‘बाबांनो, तुम्हाला काही ठाऊक आहे का?’ आणि ज्या दोघांना पुढची चाळीस-पन्नास वर्षं एकाच बाथरूमचा दिवा कोण बंद करणार यावर भांडायचंय, त्यांनी एकमेकांना हा प्रश्न कितीदा विचारलेला असतो?

‘आमच्यात’ म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांत. ऑफिसमध्ये हे सांगितलं की ठरलेली प्रतिक्रिया येते, ‘अय्या, आडनावावरून वाटलं नाही!’ आडनावावरून वाटत नाहीच, कारण आमच्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी देव बदलला, आडनाव ठेवलं. नाताळला आमच्याकडे केकपेक्षा करंज्या आणि शंकरपाळे जास्त होतात. त्यात मी नांदुऱ्याची. ‘हे कुठे आलं?’ असं पुण्यात कुणी विचारलं की मी सांगते, शेगावच्या अलीकडे, हायवेवर १०५ फुटी मारुती दिसतो ना, ते. मारुतीची खूण सांगून स्वतःचं ख्रिस्ती घर दाखवणारी मी काही एकटी नाही, आमच्या गावच्या सगळ्यांनाच ती सवय आहे. आमच्या लहानपणी गावात ख्रिस्ती घरं मोजकीच होती, म्हणून मोठ्या सणाला खामगाव. वऱ्हाडात अलायन्स मिशनचं काम शंभर वर्षांहून जुनं, अकोला हे त्याचं मोठं ठाणं. एवढ्याशा समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. स्थळ आलं की मुलाची आजी कुठल्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये होती इथपर्यंत माहिती निघते. मुलगा कसा आहे, हे मात्र ‘फार चांगला, उपासना चुकवत नाही’ या एका वाक्यात आटपतं.

आणि हेच आज मला बोलायचंय. उपासना न चुकवणाऱ्या मुलाला, शब्बाथ शाळा घेणाऱ्या मुलीला, आपण चुकतो, घाबरतो, कधी कधी प्रार्थनाही करावीशी वाटत नाही, हे त्या दुसऱ्या माणसाला सांगणं भयंकर अवघड जातं. ‘चांगलं ख्रिस्ती स्थळ’ हे लेबल एकदा चिकटलं की ते उपटायला हात धजत नाही.

तुम्ही म्हणाल, पण तुमच्याकडे तर कबुलीचं केवढं प्रस्थ! खरंय. कॅथलिकांकडे धर्मगुरूंपुढे पापकबुली असते. आम्हा प्रोटेस्टंटांकडे ‘साक्ष’ असते. साक्ष म्हणजे उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं की देवाने माझ्या आयुष्यात काय केलं. मी लहानपणापासून शेकडो साक्षी ऐकल्यात. त्यात दारू सुटलेले काका असतात, परीक्षेत नापास होऊन मग पास झालेली ताई असते, भावाशी बारा वर्षं न बोललेले आणि मग मिठी मारलेले आजोबा असतात. खऱ्या असतात त्या. काही ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलंय. पण एक गोष्ट लक्षात घ्या. साक्ष नेहमी भूतकाळात असते. मी पीत होतो. मी रागीट होते. मी अंधारात होतो. ‘मी आज सकाळीही रागावले आणि उद्याही रागावणार आहे’ अशी साक्ष मी अजून ऐकलेली नाही. म्हणजे आपला दुबळेपणा सांगायला आम्ही शिकतो, पण तो संपल्यावर. घरात जे माणूस आपल्याशी राहणार असतं त्याचा संबंध मात्र न संपलेल्या दुबळेपणाशीच येतो ना!

माझ्या मावसबहिणीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, फक्त ‘नाव घातलंस तर बघ ताई’ अशी धमकीही मिळालीय. ती हिंजवडीत काम करते. तो मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं), पुण्यातच. तरुण संघात ओळख झाली, गिटार, कॅरल सिंगिंग, मग कॉफी, मग घरच्यांना सांगणं. सगळं इतकं सुरळीत की मावशीला संशय यावा. साखरपुडा झाला, मे महिन्यातलं लग्न ठरलं, हॉलला अ‍ॅडव्हान्स गेला. त्यासाठी मावशीने एक एफडी मोडली. नाताळात तो पहिल्यांदा नांदुऱ्याला राहायला आला. चार दिवस मावशीने त्याला इतकं खाऊ घातलं की तो पाचव्या दिवशी नुसता ताक मागत होता.

परत जाताना दोघं स्टेशनवर आले. पुण्याची गाडी लेट. आधी चाळीस मिनिटं, मग दीड तास, मग तो आकडा सांगायचंही त्यांनी बंद केलं. नांदुऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर डिसेंबरच्या रात्री बसलात कधी? करण्यासारखं काहीही नसतं. मोबाइलची बॅटरी संपत आलेली, चहावाला झोपलेला, मालगाड्या धडधडत जातात आणि मग आधीपेक्षा जास्त शांत होतं. त्या शांततेत तो म्हणाला, ‘एक सांगायचंय. माझी नोकरी गेलीय.’

तिने विचारलं, ‘कधी?’

‘सप्टेंबरमध्ये.’

चार महिने. चार महिने तो रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन फ्लॅटमधून निघत होता आणि बाणेरच्या एका कॉफी शॉपमध्ये एका कॉफीवर संध्याकाळपर्यंत बसून अर्ज करत होता. रूममेट्सना माहीत होतं. हिला नाही. पण मला तिने त्याच रात्री गाडीतून फोन केला तेव्हा ती नोकरीबद्दल रडत नव्हती. ‘ताई, ऑक्टोबरमध्ये तरुण संघाच्या प्रार्थनेत त्याने नोकरीबद्दल देवाचे आभार मानले होते. मोठ्याने. आणि मी शेजारी बसून आमेन म्हटलं होतं.’

खोटं बोलणं एक. देवासमोर, डोळे मिटून, दहा जणांच्या देखत खोटं बोलणं, आणि त्यात तिलाही नकळत सामील करणं, हे तिला फार लागलं. जे प्रार्थना करत नाहीत त्यांना कदाचित हे जरा जास्तच वाटेल. पण ज्या दोघांच्या नात्याची सुरुवातच एकत्र प्रार्थनेतून झालीय, त्यांची ती सगळ्यात खासगी जागा असते. तिथे मुखवटा घालून बसलेलं माणूस बाकी कुठे मुखवटा काढत असेल, असा प्रश्न तिला पडणारच.

त्याची बाजूही ऐका. त्याला विचारलं तर म्हणाला, त्या दिवशी सगळे आळीपाळीने आभार मानत होते, त्याची पाळी आली, आणि त्याला दुसरं काही सुचलंच नाही. ख्रिस्ती मुलाने खचलेलं दिसायचं नसतं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खचलो म्हणजे विश्वास कमी. विश्वास कमी म्हणजे हिच्या लायकीचा नाही. हे गणित चुकीचं आहे, पण ते त्याने एकट्याने मांडलेलं नाही. तुमच्यापैकी अनेक जण न विचारता त्याच्या उत्तराशी उत्तर जुळवतील.

आता जरा पुस्तकातलं. १९९७ साली आर्थर आरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या बसवायच्या आणि त्यांना ३६ प्रश्न द्यायचे, पाऊण तासात एकमेकांना विचारायला. सुरुवातीला सोपे, म्हणजे जेवायला कुणाला बोलवाल वगैरे. मग हळूहळू खोल, शेवटाकडे तर घरचं कुणाचं मरण सगळ्यात जास्त लागेल इथपर्यंत. साध्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. २०१५ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रातल्या लेखामुळे हे प्रश्न ‘प्रेमात पाडणारे प्रश्न’ म्हणून जगभर फिरले. बिचाऱ्या आरनना प्रेमात कुणाला पाडायचं नव्हतं, त्यांना प्रयोगशाळेत जवळीक तयार करायची होती. असो. मला त्यातल्या दोन गोष्टी फार पटतात. एक म्हणजे पायरीपायरीने जायचं. आणि दुसरी, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. एक जण कबुली देणारा आणि दुसरा न्यायाधीश, असं नाही.

माझ्या बहिणीने तेच केलं, आरनचं नावही न ऐकता. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ‘मला आठ दिवस दे’ असं सांगून बोलली नाही, हे महत्त्वाचं. नुसतं तोंड फिरवून बसली असती तर त्याने पुन्हा काही सांगायची हिंमत केली नसती. नवव्या दिवशी तिने त्याला तिची गोष्ट सांगितली. तिचे वडील, म्हणजे माझे काका, दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेले. हॉस्पिटलच्या बिलासाठी काढलेलं कर्ज ती पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यातून फेडतेय. लग्नानंतरही फेडणार आहे, आणि कर्ज संपलं तरी आईला पैसे पाठवत राहणार आहे. हे तिने त्याला सांगितलेलं नव्हतं. ‘लग्नाआधी पैशाचं बोलणाऱ्या मुली बऱ्या दिसत नाहीत’ हे वाक्य तिच्या कानात कुणी ओतलं होतं देव जाणे. म्हणजे बघा, तो नसलेला पगार लपवत होता आणि ही असलेला! दोघंही दर रविवारी शेजारी बसून गाणी म्हणत होते.

इथे मला थोडं मागे जायचंय, बरंच मागे. ज्या रुळांशेजारी ती दोघं बसली होती ते रूळ एकोणिसाव्या शतकातले. मुंबई-नागपूर मेन लाइन. त्या काळी नाशिकहून नागपूरला रेल्वेने जायचं तर नांदुऱ्यावरूनच जावं लागे. नारायण वामन टिळक त्या काळात नागपूरला होते. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ कविता होती ना, तेच टिळक, फुलामुलांचे कवी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला, कवितेवर गप्पा झाल्या, त्याने नवा करार भेट दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला म्हणे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायको लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या.

लक्ष्मीबाईंचं लग्न १८८० साली झालेलं, वय अकरा-बारा. माहेर सोवळ्याओवळ्याचं, तेही इतकं कडक की वाचताना आपल्याला हसू येतं आणि मग गप्प व्हायला होतं. अशा बाईचा नवरा ख्रिस्ती झाला. पुढची जवळजवळ पाच वर्षं ती दोघं वेगळी राहिली. मधला बराच काळ लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीकडे होत्या. त्या काळात १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला येत नसेल तर धर्मांतर केलेल्या माणसाला कोर्टातून ते लग्न मोडून घेता येई आणि दुसरं करता येई. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. वाट पाहत राहिले.

मग लक्ष्मीबाई नगरला आल्या. हा भाग मला सगळ्यात आवडतो. त्या आल्या त्या ख्रिस्ती होऊन नाही, आणि ‘झालं गेलं विसरून’ तर मुळीच नाही. आपलं पाणी वेगळं, आपली चूल वेगळी, आपला देव वेगळा, असं ठेवून आल्या. नवऱ्याला त्याच्या मिशनच्या लोकांत हे किती अवघड गेलं असेल! पण त्यांनी ते चालवून घेतलं. आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे लक्ष्मीबाईंनी लपवलं नाही. पुढे राहुरीला जातीपातीबद्दलचा विचार त्यांचा त्यांनीच केला, कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं, आणि १९०० साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना मी हार घालायला निघालेली नाही. माणूस तापट, विलक्षण उदार, न सांगता घरातून निघून जाणारा. आणि आयुष्यातला एवढा मोठा निर्णय त्यांनी आधी घेतला, परिणाम बायकोच्या वाट्याला आले. स्वतःच्या श्रद्धेशी ते प्रामाणिक होते याबद्दल शंका नाही, पण बायकोला बरोबर घेऊन चालण्याची रीत त्यांना उशिरा सापडली असं माझं मत. हे मत मी कुठून बनवलं? खुद्द लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’वरून. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले, म्हणजे टिळकांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. नवरा रेव्हरंड, कवी, ज्याची गाणी आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. अशा माणसाबद्दल बायको लिहिते तेव्हा आपण आरतीची अपेक्षा करतो. बाईंनी त्यांचे संताप लिहिले, विसरभोळेपणा लिहिला, पैशाचा गोंधळ लिहिला. स्वतःची फजिती तर त्याहून जास्त. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, हेही झाकलं नाही. आणि गंमत म्हणजे पुस्तक मिटताना दोघांपैकी कुणाबद्दलही आपल्याला कमी वाटत नाही. विजया मेहतांनी यावर टेलिफिल्म केली होती, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. शांता गोखल्यांनी २०१७ मध्ये इंग्रजी अनुवाद केला, म्हणजे ज्यांना मराठी वाचायचा कंटाळा आहे त्यांचीही सोय आहे. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्या श्रद्धेवरून घर फुटलं होतं त्याच श्रद्धेचं नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काव्य बायको लिहीत बसते. याला रोमान्स म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, सांगा.

परत आजच्या काळात येऊ. मन उघडं करा, मन उघडं करा, असं सगळीकडे सांगतात. पण कुणाकडे आणि कसं? आमच्या मंडळीत याचा एक खास धोका आहे, त्याचं नाव ‘प्रार्थनेचा विषय’. तुम्ही एखाद्या ताईंना विश्वासाने काही सांगता. त्या कळवळतात. पुढच्या बुधवारी महिला मंडळात म्हणतात, ‘अमकीसाठी फार प्रार्थना करा, नाव सांगत नाही, पण हिंजवडीत कामाला आहे, मे महिन्यात लग्न आहे.’ झालं! रात्रीपर्यंत मलकापूर ते अकोला सगळ्यांना कळतं, आणि प्रत्येक जण फोन करून सांगतो की मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. म्हणूनच त्यावर रागावताही येत नाही. कॅथलिकांकडे निदान कबुलीवर शिक्का असतो, धर्मगुरूने ती फोडली तर चर्चची सगळ्यात कडक शिक्षा. आम्हाला तशी सोय नाही, त्यामुळे दोघांनीच आपसात ठरवावं लागतं की जे या टेबलावर बोललं ते तिसऱ्याकडे जाणार नाही. आईकडेही नाही, बेस्ट फ्रेंडकडेही नाही, ‘फक्त प्रार्थनेपुरतं’ही नाही.

दुसरा धोका त्याहून वाईट. मुलगा येतो आणि म्हणतो, ‘मी तुला अगदी मनापासून सांगतो, देवाने मला दाखवलंय की तूच माझी बायको होणार.’ डोळ्यांत पाणी, आवाज कापतोय. मुलीला वाटतं, किती हळवा आहे हा! अहो, पण यात त्याने स्वतःचं काय पणाला लावलं? नकार आला तर तो त्याला नाही, थेट देवालाच. ‘मला तू आवडतेस, तू नाही म्हणालीस तर मला फार वाईट वाटेल’ एवढं साधं वाक्य म्हणायला जास्त छाती लागते. हीच गोष्ट जुन्या भानगडी सांगण्याची. पहिल्याच भेटीत सगळं ओकून टाकायचं आणि वर म्हणायचं, ‘मी तुझ्यापासून काही लपवलं नाही, आता तू माफ करायला हवंस, आपण ख्रिस्ती आहोत ना?’ ही माफी मागितली जात नाही, वसूल केली जाते. माफ करायचं की नाही, आणि माफ करूनही लग्नाला नाही म्हणायचं का, हे समोरच्यावर सोडलं तरच त्या सांगण्याला काही अर्थ.

आणि कुणी हात उचलत असेल, फोन तपासत असेल, पगार हिसकावत असेल, तर तिथे मन उघडं करण्याचा सल्ला कुणीही देऊ नये. तिथून बाहेर पडायचं असतं. ‘आपल्यात घटस्फोट नसतो’ हे वाक्य अजून ऐकू येतं, म्हणून सांगते. आमचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात २००१ पर्यंत परस्परसंमतीची सोय नव्हती. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करावा लागे. बायकोला तर नुसता व्यभिचार पुरत नसे, सोबत छळ किंवा टाकून देणं असं आणखी काही दाखवावं लागे. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने बायकांवरचा हा जादा भार रद्द केला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. विचार करा, सव्वाशेहून जास्त वर्षं कोर्टात ‘आमचं खरंच जमत नाही’ हे खरं वाक्य बोलून काही उपयोग नव्हता. खोटा आरोप करा नाहीतर मुकाट राहा. आमच्या आज्या मुकाट राहिल्या. ती मुकाट राहण्याची सवय कायदा बदलून पंचवीसेक वर्षं झाली तरी जात नाही, आणि ती लग्नाच्या कितीतरी आधी, कॉफी शॉपमध्येच सुरू होते.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आदाम आणि हव्वा बागेत उघडे असतात आणि त्यांना लाज वाटत नाही. फळ खाल्ल्यावर ते पहिली गोष्ट काय करतात? पळत नाहीत, भांडत नाहीत. पानं शिवायला बसतात. भांडण नंतर, देवाने विचारल्यावर: हिने दिलं म्हणून मी खाल्लं! मला ती पानांची शिलाई फार ओळखीची वाटते. लॅपटॉपची बॅग घेऊन बाणेरला जाणं म्हणजे दुसरं काय होतं?

तर बहिणीचं काय झालं? दोघांनी मिळून ठरवलं की आता घरी सांगायचं, एकत्र. आधी नगरला, मग नांदुऱ्याला. नगरला त्याचे वडील दोन तास काहीच बोलले नाहीत आणि मग उठून चहा करायला गेले. त्यांनी उभ्या आयुष्यात चहा केला नव्हता म्हणे. नांदुऱ्याला मावशी म्हणाली, ‘नोकरी गेली त गेली, दुसरी लागीन. पण मले सांगा, चार दिवस माह्या घरी बसून जेवला अन् लपवलं काहून?’ त्यावर तो म्हणाला, ‘तुम्ही इतकं प्रेमाने वाढत होता, मला वाटलं हे माझ्या नोकरीला वाढताय.’ मावशी उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती.

मावशीला हे सगळं महिला मंडळात प्रार्थनेला ठेवायचं होतंच! बहिणीने स्पष्ट नाही म्हटलं. मोठी भांडाभांडी झाली. शेवटी मावशीने एकटीने प्रार्थना करायचं कबूल केलं, पण ‘एवढ्या मोठ्या कामाले मी एकटी पुरणार हाय का?’ असं पुटपुटत.

मेचं लग्न पुढे ढकललंय. हॉलचा अ‍ॅडव्हान्स निम्मा बुडाला. त्याला मार्चमध्ये आधीपेक्षा कमी पगाराची नोकरी लागली, आणि दोघांनी एका रविवारी दुपारी बसून पगार, कर्ज, मावशीचे पैसे, सगळं एका कागदावर लिहून काढलं. ती म्हणते, साखरपुड्याच्या दिवशी इतकी धडधड झाली नव्हती. तरुण संघातही तो बोललाय. त्या ऑक्टोबरच्या प्रार्थनेबद्दल, सगळ्यांसमोर. त्याने ते करावं असं तिने सुचवलं नव्हतं. दोन दिवसांनी त्याला संघातल्याच एका मुलाचा मेसेज आला, ‘भाऊ, जरा बोलायचं होतं. माझंही तसंच चाललंय.’

तिला पूर्ण विश्वास बसलाय का? मी विचारलं. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘पण तो आता न विचारता सांगतो. काल सांगत होता की नव्या बॉसची त्याला भीती वाटते.’ यावर ती हसली, म्हणून मीही हसले. तीन रविवारांची सूचना अजून वाचली गेलेली नाही. ती कधी वाचायची हे ते दोघं ठरवणार आहेत, मावशीला तारीख हवीय आणि ती रोज फोन करते.

मावशीच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ची एक जुनी प्रत होती, कव्हर गेलेलं, मधली काही पानं दोऱ्याने शिवलेली. ती बहीण पुण्याला घेऊन गेली. तिने वाचून त्याला दिलीय. तो निम्म्यावर आलाय, आणि लक्ष्मीबाईंनी एवढ्या सगळ्यानंतर टिळकांकडे परत का जावं यावर त्यांचं गेले तीन दिवस भांडण चालू आहे. तो म्हणतो, जायला नको होतं.